चौदा फुटांची बोट आणि कागदी ओठांचे मासे

असोसिएशनचं तिसरं पत्र आलं तेव्हा नुकताच एप्रिल लागला होता. २००६ सालचा. शॉमबर्गमधल्या आमच्या वसाहतीत कुणाच्या घराला कुठला रंग असावा इथपासून कचऱ्याचा डबा कुठे ठेवावा इथपर्यंत सगळ्याचे नियम होते, आणि ते मोडणाऱ्यांना पत्रं धाडणारी एक समिती होती. पत्रात लिहिलं होतं, तुमच्या गॅरेजचं दार पूर्ण बंद होत नाही आणि आतली बोट रस्त्यावरून दिसते. हे मला पत्रानं कळायची गरज नव्हती. आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला पाणी तापवायची टाकी होती, त्यामुळे ट्रेलरवर चढवलेली बोट कितीही आत ढकलली तरी ट्रेलरचा पुढचा दांडा हातभर बाहेरच राहायचा. दार खाली यायचं, दांड्यावर टेकायचं आणि कुरकुरत परत वर जायचं. शेवटी आम्ही ते दोरीनं अर्ध्यावर बांधून ठेवलं होतं. पाच हिवाळे त्या फटीतून बर्फ आत येत होता, आणि नवऱ्याची गाडी बाहेर बर्फाखाली पुरली जात होती.

"आता तरी विक," नवरा म्हणाला. पत्र त्यानं माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं, वाचायचं टाळता येणार नाही असं, उलगडून.

"विकते," मी म्हणाले.

मी हे प्रत्येक पत्रानंतर म्हणत होते.

बोट माझी होती. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ऐकणारा माणूस आधी नवऱ्याकडे बघतो. मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे गावागणिक तलाव, आणि मासे धरणं ही काही पुरुषांची मिरास नाही. माझ्या आईनं मला गरी टाकायला शिकवलं तेव्हा मी दुसरीत असेन. पुढे मी नागपूरला रसायनशास्त्र शिकले, पीएचडीसाठी अमेरिकेत आले, नोकरीला लागले. शिकागोच्या उपनगरातल्या ज्या लॅबमध्ये मी काम करायचे, तिथे काचेची उपकरणं फुंकून बनवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मला क्रॉपी हा मासा दाखवला. पसरलेल्या पंजाएवढा, चपटा, चंदेरी अंगावर काळे ठिपके. स्पेलिंग वाचून मी त्याला पहिल्यांदा क्रॅपी म्हटलं, तेव्हा माझी मुलगी सोफ्यावर लोळून हसली होती. "आई, यू कान्ट से दॅट!"

"ह्याचे ओठ कागदासारखे असतात," ते गृहस्थ म्हणायचे. "ओढ बसली की झटका द्यायचा नाही. झटका दिलास की ओठ फाटतो आणि मासा जातो. नुसतं उचलायचं. काचेची नळी उचलतो तसं." २००१च्या वसंतात ते निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले आणि जाताना त्यांची चौदा फुटी अॅल्युमिनियमची बोट मला विकून गेले. मागे एक जुनं पेट्रोलचं इंजिन, दोन वल्ही, दोन बैठका. तेवढीच.

तो आणि त्यानंतरचा, असे दोन वसंत चांगले गेले. दर रविवारी मी गावी फोन करायचे आणि आईचा पहिला प्रश्न असायचा, "किती भेटले?" तब्येत, मुलगी, जावई सगळं नंतर. मी आकडा सांगायचे. मग ती विचारायची, "केवढाले?" मी फोनवर हातानं माप दाखवायचे, आणि ते तिला दिसत नाही हे कळल्यावर आम्ही दोघी हसायचो.

२००२च्या शरद ऋतूत आमची लॅबच बंद झाली. एका शुक्रवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि पुठ्ठ्याचे खोके दिले. मी नऊ महिने घरी होते. त्याच हिवाळ्यात नोकरीच्या एका मुलाखतीला निघताना मी दारातल्या बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. त्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. मुलाखत राहिली. मार्चमध्ये प्लास्टर उतरायच्या आत आई गेली. मी पाचव्या दिवशी पोहोचले, हात गळ्यात अडकवून. बायका माझ्या हाताकडे बघून रडत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की ह्या चुकीच्या गोष्टीसाठी रडतायत.

परत आले तेव्हा मे लागला होता, क्रॉपीचा ऐन हंगाम. मी गॅरेजमध्ये गेले, बोटीवरची ताडपत्री एका कोपऱ्यातून उचलली आणि परत खाली टाकली. मासे धरून सांगायचं कुणाला? पुढे नवी नोकरी लागली, चाळीस मैलांवर, रोज दोन तास गाडीत. बोट होती तिथेच राहिली. लोक विचारायचे, तेव्हा मी इंजिनचं काम निघालंय म्हणून सांगायचे. तेव्हा ते खोटं होतं. पुढे खरं झालं.

तर, तिसऱ्या पत्रानंतर मी खरोखरच जाहिरात दिली. एक माणूस आला. टोपी, मोठा पिकअप ट्रक, कमरेला पक्कड. त्यानं ताडपत्री ओढली, बोटीच्या कुशीवर बोटांनी टकटक केली आणि इंजिनचं झाकण उघडलं. आत उंदरानं घर केलं होतं. नारिंगी कापसाचं, चांगलं गुबगुबीत. माझ्या लाइफ जॅकेटचा कापूस होता तो.

"इंजिन चालतं?"

"तीन वर्षांपूर्वी चालायचं."

"तुमच्या मिस्टरांना बोलवा जरा. बोटीबद्दल दोन प्रश्न विचारायचेत."

"बोट माझी आहे. मला विचारा."

तो हसला. वाईट हसला असं नाही, समजूतदारपणे हसला, आणि तेच मला झोंबलं. म्हणाला, "मी ट्रेलर घेऊन जातो. बोट काही कामाची नाही, तुमच्यासाठी भंगारात टाकून देईन. फुकट."

"बोट विकायची नाही," मी म्हणाले.

"पण जाहिरात..."

"जाहिरात चुकून दिली."

नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होता. पिकअप एकटाच परत गेलेला पाहून तो बाहेर आला. रागावला की तो हळू बोलतो. "समितीला मी काय सांगू?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"सांग, बोट दुरुस्त होतेय."

"कोण करतंय?"

ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, पाच आठवडे लागतील. वसंतात सगळ्यांनाच बोट आठवते. पाच आठवड्यांत क्रॉपी अंडी घालून खोल पाण्यात निघून गेले असते. मग मीच कार्ब्युरेटर उतरवला. इंजिनला पेट्रोल आणि हवा ह्यांचं मिश्रण पुरवणारा तो भाग, मुठीएवढा. तीन वर्षं आत राहिलेलं पेट्रोल सुकून त्याचा हिरवट चिकटा झाला होता. रसायनशास्त्राची पीएचडी त्या दोन आठवड्यांत जितकी कामी आली तितकी नोकरीतही कधी आली नव्हती. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून बसायचे, आणि केसाएवढ्या भोकांमधून तांब्याची तार फिरवत राहायचे. पेट्रोलचा वास घरभर. मुलगी नाक दाबून म्हणाली, "धिस इज लाइक लिव्हिंग इन अ गॅस स्टेशन." नवरा आठवडाभर डबा बाहेरून मागवून खात होता.

इंजिन सुरू झालं. कचऱ्याच्या पिंपात पाणी भरून, त्यात पंखा बुडवून मी दोरी ओढली. एकदा, दहादा, विसाव्यांदा. मनगट ठणकत होतं. मग ते खोकलं, निळा धूर सोडला आणि चालू लागलं. शेजारच्या काकू धुराला घाबरून बाहेर आल्या. मी पिंपाशेजारी उभी राहून, हात वर करून त्यांना ओरडून सांगितलं, "चालू झालं!" त्यांनी दार लावून घेतलं.

पहिल्यांदा निघाले तो एप्रिलचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी दुपारी आमच्या मंडळाची चौदा एप्रिलची जयंती होती, उशिरानं, कारण हॉल तेव्हाच मिळाला होता, आणि बुद्धवंदना झाल्यावर दोन शब्द बोलायचं मी कबूल केलं होतं. हिशेब सरळ होता: सकाळी सहाला निघायचं, साडेसातला तलाव, बाराला परत, अंघोळ, साडी, हॉल. अर्ध्या वाटेत ट्रेलरचं टायर फुटलं. बघायला ते नवंकोरं दिसत होतं, पण रबर गॅरेजात नुसतं उभं राहूनही कुजतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जादा टायर नव्हतं. मदत येईपर्यंत मी हायवेच्या कडेला सहा तास बसून होते. बरोबर बादलीत चार डझन जिवंत बारीक मासोळ्या, आमिष म्हणून घेतलेल्या. ट्रक जवळून गेला की बादली हिंदकळायची. हॉलवर मी पोहोचले ती जीन्समध्येच, आणि वंदना सुरू झाली होती. मागच्या रांगेत बसले. शेजारच्या एका वयस्क काकूंनी दोनदा श्वास ओढून माझ्याकडे पाहिलं.

"कसला वास गं?"

"मासोळ्यांचा, काकू."

"आज? जयंतीला?"

मी दोन शब्द बोलले. काय बोलले ते आठवत नाही. हातावरचं काळं ग्रीस माइकला लागलं, एवढं आठवतं.

दुसऱ्या शनिवारी मी तलावापर्यंत पोहोचले. उतारावरून ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा असतो, आणि उलटं नेताना गाडीचं चाक डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. पूर्वी मला हे जमत असे. आता ट्रेलर एकदा झाडाकडे, एकदा धक्क्याच्या खांबाकडे. मागे पिकअपची रांग लागली. कुणी हॉर्न वाजवला नाही. सगळे इंजिन बंद करून, दारं उघडून, कोपर टेकवून बघत बसले होते. हॉर्न परवडला असता.

अखेर बोट पाण्यात गेली. मी ती धक्क्याला बांधली, गाडी वर लावून आले, तर बोट मघापेक्षा खाली दिसली. मला वाटलं, भास. मग बैठकीखालची जेवणाची पिशवी तरंगायला लागली. बोटीच्या तळाशी मागे एक भोक असतं, आत साचलेलं पाणी जमिनीवर असताना काढून टाकायला. पाण्यात उतरवायच्या आधी त्याला बूच लावायचं असतं. बूच माझ्या खिशात होतं.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. तेव्हा त्या रांगेतला एक दाढीवाला माणूस, काही न विचारता, बूट घालूनच पाण्यात आला आणि आम्ही दोघांनी मिळून बोट परत ट्रेलरवर ओढली. "प्रत्येकाचं एकदा होतं," तो म्हणाला. मी त्याला आभार मानायच्या ऐवजी म्हणाले, "माझं सगळं एकाच वर्षी होतंय." तो जोरात हसला आणि मी मात्र घरी जाईपर्यंत गाडीत एकटीच बडबडत होते. माझं मलाच ऐकू येत होतं, चांगल्या मोठ्यानं. नोकरी, मनगट, बर्फ, समिती, टायर, बूच. मधेच कुठेतरी मी म्हणाले, "आणि तू रविवारी फोनही उचलत नाहीस," आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कुणाशी बोलतेय. गाडी कडेला घ्यावी लागली.

घरी नवऱ्यानं ओल्या कपड्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो "विक" म्हणणार. तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी येतो."

"तुला पोहता येत नाही."

"तू काय तिथे पोहतेस?"

"मग कशाला येतोस?"

"बूच बघायला," तो म्हणाला.

तो आला. त्यानं अंगात लाइफ जॅकेट घातलं आणि दुसरं मांडीवर धरलं. हातात एक कागद होता. त्यावर त्यानं निघण्याआधी तपासायच्या गोष्टी लिहून आणल्या होत्या आणि तो त्या मोठ्यानं वाचून माझ्याकडून हो वदवून घेत होता. बूच? हो. टायर? हो. जादा टायर? हो. वल्ही? हो म्हटलं ना! सगळं बरोबर होतं. तलावाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं.

मी दोरी ओढली. पन्नास वेळा ओढली असेल. नवरा बोटीच्या दोन्ही कडा धरून ताठ बसला होता आणि प्रत्येक ओढीबरोबर बोट हलली की डोळे मिटायचा. "हळू," तो म्हणाला. "हळू ओढून इंजिन चालू होत नाही!" मी ओरडले. शांत पाण्यावर आवाज लांब जातो. पलीकडच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. शेवटी मी वल्ही घेतली. दहा मिनिटांत मनगटानं हात टेकले. मग आम्ही जागा बदलल्या, जे चौदा फुटी बोटीत फार सावकाश, एकमेकांना घट्ट धरून करावं लागतं, आणि नवरा वल्हवू लागला. त्यानं आयुष्यात कधी वल्हं धरलं नव्हतं. आम्ही आधी गोल फिरलो, मग तिरके गेलो, आणि शेवटी किनाऱ्याजवळ पाण्यात आडव्या पडलेल्या एका झाडाच्या फांद्यांत जाऊन अडकलो.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काय, दम खा."

बुडालेलं झाड ही क्रॉपीची आवडती जागा. मी दोन्ही गळांना मासोळ्या लावल्या, एक त्याच्या हातात दिला. माझा बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, बुडाला, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि मी झटका दिला. गेला. दुसरा बुडाला, पुन्हा झटका, पुन्हा रिकामा गळ. तिसऱ्याच्या वेळी मी मनाला बजावून ठेवलं होतं, तरी हात आपोआप उडाला. चौथ्याच्या ओठाचा तुकडा तेवढा गळाला लागून आला, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. मला स्वतःचा एवढा संताप आला की मी रॉड बोटीत आपटला.

तेवढ्यात नवऱ्याचा बॉबर बुडाला. तो बुडणाऱ्या बोटीतल्या माणसासारखा जपून बसला होता, त्यामुळे झटका द्यायचा प्रश्नच नव्हता. त्यानं रॉड हळूच वर उचलला. मासा आला. चांगला वीतभर. "हे काय करू?" तो घाबरून म्हणाला. मी मासा काढून दिला. पाच मिनिटांत दुसरा. मग तिसरा. मला आनंद झाला असं सांगता आलं तर बरं होईल.

"तू भांडतेस त्यांच्याशी," तो म्हणाला.

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. तू सगळ्याशीच भांडतेस हल्ली, म्हणून म्हटलं."

उठून जायला बोटीत जागा नव्हती, म्हणून मी गळाला नवी मासोळी लावली. मग त्यानं, माझ्याकडे न बघता, पुढं म्हटलं, "आईंचं झालं तेव्हा मी म्हणालो होतो, रविवारी मला सांगत जा, किती भेटले. तू ऐकलंच नाहीस." हे तो म्हणाला होता? असेल. त्या वर्षी मी बरंच ऐकलं नव्हतं.

मी परत गळ टाकला. ह्या वेळी मी रॉड डाव्या हातात धरला, ज्यात झटका द्यायचं कसबच नव्हतं. बॉबर आडवा झाला, सरकला आणि खाली गेला. मी नुसता हात उचलला. पाण्यातून तो वर आला तेव्हा ठिपके ओले, काळेभोर होते, आणि तोंड छत्रीसारखं उघडलेलं. नवऱ्याहून लहान होता. म्हणजे त्याच्या माशाहून. त्यानंतर मला आणखी दोन लागले आणि त्याला चार. घरी जायला मात्र आम्हाला एका पार्टीच्या मोठ्या बोटीनं दोर बांधून ओढत नेलं. त्यावर गाणी चालली होती आणि कुणाचा तरी वाढदिवस होता, आणि मागे बांधलेले आम्ही दोघं लाइफ जॅकेट घालून, त्यांनी दिलेले केकचे तुकडे हातात धरून बसलो होतो.

संध्याकाळी मी ते मासे जवस आणि लसणाच्या वाटणात, कैरी घालून शिजवले. मुलीनं काटे काढून काढून खाल्ले आणि वर रस्सा मागितला.

त्या आठवड्यात नवऱ्यानं कुठूनसा ट्रेलरच्या दांड्याला बसवायचा बिजागरीचा तुकडा मागवला. दांडा मधोमध दुमडायला लागला आणि गॅरेजचं दार बंद झालं. असा तुकडा मिळतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्याला मात्र ठाऊक होतं. "मग आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मला वाटलं, तू विकशील," तो म्हणाला. ह्यावर आम्ही पुन्हा भांडलो.

इंजिन पुढच्या वर्षी कायमचं गेलं. त्याच्या जागी बॅटरीवर चालणारं एक छोटं बसवलं. ते बैलगाडीच्या वेगानं जातं, पण जातं. मनगट थंडीत दुखतं. गळ मी आता डाव्या हातानंच टाकते, आणि अजूनही पाचातला एखादा मासा झटक्यानं घालवते.

नवरा मात्र बिघडला. पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक, तरणतलावात सहा वर्षांच्या पोरांबरोबर पोहायला शिकला. हवामान, वारा, पाण्याचं तापमान ह्यांची वही ठेवायला लागला. २००८च्या मे महिन्यात आम्ही बोट उतरवत होतो, तर नुकतंच इथे आलेलं एक मराठी जोडपं काठावर फिरत होतं. त्यांनी कौतुकानं विचारलं, "कुठला मासा मिळतो हो इथे?" मी तोंड उघडायच्या आत नवरा पुढे झाला. आधी त्यानं उच्चार शिकवला. मग ओठ कागदासारखे असतात ते सांगितलं. मग हवेत हात उचलून, काचेची नळी उचलावी तसा, कसा उचलायचा ते दाखवलं. बोट अर्धी पाण्यात, अर्धी ट्रेलरवर, मी दोर धरून गुडघाभर पाण्यात उभी, मागे पिकअपची रांग. "अहो सर," मी शेवटी ओरडले, "व्याख्यान झालं असेल तर बोट धरता का?"

तो म्हणाला, "एक मिनिट."